आवाज आधी उतरला

या सदरात लोक आपले न उलगडलेले अनुभव लिहितात ते मी नेमानं वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हा माणूस पहिल्यापासूनच भोळा होता. मी भोळा नाही. मी गॅरेजवाला आहे.

धारला नालछ्याच्या रस्त्यावर माझं दुचाकींचं गॅरेज आहे, पुढच्या बाजूला स्पेअर पार्टचं दुकान. नालछा सोडलं की मांडूकडे जाताना एक वळण लागतं. तिथे गाड्या ‘आपोआप’ बंद पडतात अशी ख्याती आहे आणि लोक तिथे नारळ फोडतात. तशा बंद पडलेल्या कितीतरी गाड्या टेम्पोत घालून माझ्याकडे आल्या. कोणाचा एअर फिल्टर बुजलेला, कोणाच्या टाकीत गंज, एकानं तर पेट्रोलच भरलं नव्हतं. नारळ मात्र सगळ्यांनी फोडला होता. भूत कोणाच्याच इंजिनात सापडलं नाही. सापडलं असतं तर मी ते धुऊन, पुसून परत बसवलं असतं.

आमचे पूर्वज पवार सरकारबरोबर धारला आले ते तोफांच्या गाड्यांची चाकं बसवायला. तेव्हापासून घरात कोणी ना कोणी हातोडी-पाना धरूनच आहे. शिकलो हिंदीत, धंदा हिंदी-माळवीत, मराठी फक्त घरात. त्यामुळे लिहिताना इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या, भिया. पण जे सांगतो आहे त्यात मात्र काही इकडचं तिकडे नाही.

माझी मुलगी रेवा. एकुलती एक. धारच्या विमानपट्टीवर विमान चालवायला शिकवणारी एक संस्था होती, तिथे ती शिकत होती. लहानपणापासून माझ्याबरोबर गॅरेजमध्ये बसलेली पोरगी; तिला मशीनची भीती कधी वाटलीच नाही. भीती वाटायची ती तिच्या आईला, म्हणजे माझ्या बायकोला, मंजिरीला. रेवा पहिल्यांदा एकटी उडाली त्या दिवशी मंजिरीनं देवापुढचा दिवा दिवसभर विझू दिला नाही. मी म्हटलं, "अगं, विमान पेट्रोलवर चालतं, तुपावर नाही." दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

आमचं घर पट्टीपासून फार लांब नाही. सकाळी अंगणात चहा पीत बसलो की विमानं डोक्यावरून जायची. त्या संस्थेकडे तीन विमानं होती आणि तिन्ही मला आवाजावरून ओळखू यायची. यात काही चमत्कार नाही. बुलेटवाले नाही का, गल्लीच्या तोंडाशी कोणाची गाडी आली ते घरात बसून सांगतात. रेवा चालवायची ते तिन्हींतलं सगळ्यात जुनं. उतरायच्या वेळी इंजिन कमी केलं की त्याच्या आवाजात एक ठेका यायचा. दोन ठोके सरळ, तिसरा जरा दबलेला. मी एकदा त्यांच्या मेकॅनिकला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, तपासलंय, दोष नाही, त्याची बोलायची पद्धतच तशी. मला पटलं. माणसांचं नाही का असं असतं.

तर गोष्ट त्या वर्षीच्या दसऱ्यानंतरची. रेवाला पहिल्यांदाच एकटीनं दुसऱ्या गावी विमान न्यायचं होतं. धारहून उडायचं, देवासजवळच्या पट्टीवर उतरायचं, थोडं थांबून परत. देवासजवळची पट्टी नेमकी कुठली ते मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना त्रास नको.

आता जरा अंतराचं बघा, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. धार-देवास सरळ रेघ मारली तर नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. मोबाईलवर मी एकदा ‘धार ते देवास विमानानं किती वेळ’ असं टाकलं होतं. उत्तर आलं, अर्धा तास. आणि खाली बारीक अक्षरात, या मार्गावर थेट विमानसेवा उपलब्ध नाही. माझी पोरगी जाणार होती आणि हे म्हणतात उपलब्ध नाही! पण मध्ये इंदूरचं मोठं विमानतळ, त्याला वळसा घालायचा, म्हणजे देपालपूर, सांवेर असं वरच्या अंगानं जायचं. चढणं-उतरणं धरून पस्तीस मिनिटं, असं रेवानं स्वतः कागदावर काढून मला दाखवलं. आणि रस्त्यानं? इंदूरची ट्रॅफिक धरून अडीच तास.

मंजिरीनं आदल्या दिवशी फर्मान काढलं, "आपण देवासला जायचं. भाकरतुकडा ओवाळायला."

घरातलं माणूस लांबून आलं की दारातच त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं आणि मग आत घ्यायचं, हे तुमच्याकडेही करत असतील. आमच्याकडे त्याला आणखी एक शेपूट आहे. मुलगी पहिल्यांदा एकटी परगावी गेली तर तिथे पोचल्या पोचल्या घरच्याच कोणीतरी तिला ओवाळायचं. हे कोणी काढलं माहीत नाही. बैलगाडीच्या काळातलं असणार.

"अगं, ती उडत जाणार अर्ध्या तासात," मी म्हटलं, "आणि तिला ओवाळायला आपण अडीच तास आधी धक्के खात निघायचं?"

"मग लवकर उठा," मंजिरी म्हणाली.

रेवाला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही दोघं तिथे दिसलात ना, तर मी उतरणारच नाही. वरूनच परत फिरेन. सगळे हसतील मला." मी तिला सांगितलं, आम्ही झाडामागे लपू. ती म्हणाली, "आईला लपता येतं का कधी?" हे मात्र खरं होतं.

पहाटेच निघालो आमच्या जुन्या व्हॅनमधून. देवासला माझी थोरली बहीण राहते, तिला घेतलं. भाकरी तिनंच केली होती. मंजिरीनं डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "वन्सं, जरा पातळच झाली." ताई म्हणाली, "तुला ओवाळायची आहे की खायची आहे?" दोघींचं असं चालूच असतं.

पट्टीवर पोचलो आणि मी गाडीतून उतरून पाहतच राहिलो. पट्टीवर सोयाबीन वाळत होतं. डांबर तापतं छान, आजूबाजूला इतकी सपाट जागा कुठे मिळणार... अर्ध्याहून जास्त पट्टी पिवळी. ताडपत्र्या, दाताळ्यानं सोयाबीन परतणाऱ्या बाया, मध्येच एक ट्रॅक्टर-ट्रॉली उभी. वीस-पंचवीस माणसं तरी असतील.

पट्टीची राखण करणारे मांगीलालजी म्हणून होते, वयस्कर, डोक्याला पांढरा साफा. मी त्यांना विचारलं, "हे काय आहे? आत्ता विमान येणार आहे. माझी मुलगी आहे त्यात."

ते अगदी शांतपणे म्हणाले, "चिंता मती करो भिया. आवाज आयो के पट्टी खाली."

म्हणजे आवाज आला की पट्टी मोकळी. मग त्यांनी मला पद्धत समजावली. धारहून विमान सुटलं की तिकडचे शिकवणारे सर फोन करतात. तो फोन आला की इथे कोणी हलत नाही, कारण अर्धा तास असतो. विमान जवळ आलं की आवाज येतो. आवाज आला की हे शिट्टी मारतात. विमान आधी डोक्यावरून एक पूर्ण फेरी मारतं, वारा बघतं, मग उतरतं. तेवढ्यात ताडपत्र्या ओढून पट्टीच्या खाली, ट्रॅक्टरही खाली. कित्येक वर्षं असंच चाललंय, कधी कोणाला खरचटलंसुद्धा नाही. चुकीचं होतं का? होतंच. पण सांगतो, मला त्या दिवशी ते पटलं. मीही गॅरेजमध्ये कानावरच काम करतो.

पावणेअकराच्या सुमाराला मांगीलालजींचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, ठेवला आणि मला बोट दाखवून म्हणाले, "छूटी गयो." म्हणजे रेवा धारहून उडाली. मी मनात हिशोब केला, सव्वाअकरा ते अकरा वीस. ताईनं थर्मास काढला. चहाचे कप अजून अर्धेही झाले नव्हते आणि मला आवाज आला.

मावळतीकडून. आधी बारीक, मग स्पष्ट. माझ्या आधी सोयाबीन परतणाऱ्या एका बाईनं मान वर केली. मांगीलालजींनी कानामागे हात धरला आणि शिट्टी मारली. मी म्हटलं, "थांबा, हे आपलं नाही. आपल्याला अजून अर्धा तास आहे." कोणी माझं ऐकलं नाही. त्यांचे हातपाय शिट्टीला बांधलेले. ताडपत्र्या ओढल्या जायला लागल्या, ट्रॅक्टरवाल्यानं सेल्फ मारला, बाया दाताळी घेऊन खाली पळाल्या.

मी आभाळाकडे बघत होतो. ऑक्टोबरचं आभाळ तुम्हाला माहीत आहे, धुतलेलं असतं. ढगाचा तुकडा नाही. घार दिसत होती लांब, ती दिसत होती म्हणजे बघा. विमान नव्हतं. आणि आवाज आमच्या डोक्यावर आला.

डोक्यावरून गेला. डावीकडे वळला. आम्ही सगळे त्याच्याबरोबर माना फिरवत होतो... पंचवीस-तीस माणसं, मोकळ्या आभाळाकडे बघत, एकदमच माना फिरवताहेत. फेरी पूर्ण झाली. मग इंजिन कमी झालं आणि मला ठेका ऐकू आला. दोन सरळ, तिसरा दबलेला. ते रेवाचं विमान होतं. इथे मी कोणाशीही पैज लावायला तयार आहे. हजार इंजिनांत मी ते ओळखीन.

आवाज पट्टीच्या त्या टोकाला खाली आला, आमच्या समोरून गेला, इतका जवळून की ताईनं पदर धरला. पण पदर हलला नव्हता. सोयाबीनचा भुसा होता जागोजाग, तोही हलला नाही. आवाज पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तिथे थोडा वेळ हळूहळू चालत राहिला आणि बंद झाला. किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होतं तसा, नीट.

मांगीलालजींची शिट्टी तोंडातच होती.

तेवढ्यात बघतो तर मंजिरी ताटली घेऊन निघालेली. भाकरीचे तुकडे, पाण्याचा तांब्या. मी मागे धावलो. "अगं, कुठे निघालीस? विमान कुठे आहे?"

"ते येईल मागून," ती म्हणाली. "आधी जे आलंय त्याला ओवाळते."

"कोणाला? हवेला?"

"रेवाचाच होता ना आवाज? तुम्हीच सांगा. तुम्हाला कळतं त्यातलं."

होता तर तिचाच. मी नुसता उभा राहिलो. पट्टी शेतापेक्षा उंच, तिच्यावर चढायला शेताकडून एकच कच्चा रस्ता होता, ट्रॅक्टर त्यानंच वर-खाली करायचा. मंजिरी बरोबर त्याच्या तोंडाशी उभी राहिली, मोकळ्या पट्टीकडे तोंड करून भाकरतुकडा ओवाळला, एक तुकडा उजवीकडे टाकला, एक डावीकडे, आणि मध्ये आडवी पाण्याची धार सोडली. ताई शेजारी हात जोडून उभी. मला शरम वाटली, खोटं कशाला सांगू. इतक्या लोकांसमोर.

मग लोकांचा आवाज चढायला लागला. विमान नाही, काही नाही, फुकट धावपळ झाली. ट्रॅक्टरवाला पटेल तापला होता. "म्हारो आधो माल धूळ में गयो," म्हणाला. मी त्याला समजावलं. आवाज कधीकधी लांबून परावर्तित होऊन येतो, वरून दुसरं एखादं विमान गेलं असेल, उन्हात दिसलं नसेल. मी बोलत होतो आणि मला स्वतःला माझं बोलणं चांगलंच वाटत होतं. आणि मीच त्याला म्हटलं, "अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत. पसरा परत. खरं विमान आलं की आवाज येईलच." गणितानं ते बरोबरच होतं. आजही बरोबरच आहे.

पटेल ट्रॅक्टर घेऊन त्या रस्त्यावर आला आणि तोंडाशी थांबला. खाली बघितलं. भाकरीचा तुकडा इकडे, तुकडा तिकडे, मध्ये पाणी.

"यो कई हे?" त्यानं विचारलं.

मांगीलालजी म्हणाले, "उतारो हे. लांघनो नी."

ओवाळून टाकलेलं ओलांडायचं नाही, हे माळव्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. शहरातला माणूस एक वेळ ओलांडेल, रस्त्यावरचं लिंबू चुकवत नाही तसं. ही शेतकरी माणसं, सकाळी शेतावर जाताना वाटेत उतारा दिसला तर बांधावरून वळसा घालणारी. पटेलनं इंजिन बंद केलं. बाया तिथेच खाली बसल्या.

मी म्हटलं, "हद्द झाली. मी उचलतो तो तुकडा." आणि वाकलोसुद्धा.

"उचला बघू," मंजिरी म्हणाली. एवढंच. संसाराला इतकी वर्षं झाली म्हणजे माणसाला बायकोचेही काही आवाज ओळखू येतात. मी सरळ उभा राहिलो.

मग सगळे कडेला बसून राहिले, कुरकुरत. ताईनं थर्मासमधला उरलेला चहा मांगीलालजींना दिला. पटेल मंजिरीला ऐकू जाईल अशा बेतानं कायकाय बोलत होता. मंजिरी पट्टीकडे तोंड करून उभी होती, तिनं मागे वळून पाहिलं नाही. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी पडली होती.

ते आलं तेव्हा पहिल्यांदा मलाच दिसलं. मावळतीला एक पांढरा ठिपका. खाली होता, फारच खाली. मी कान टवकारले. काहीच नाही. वाऱ्याचा आवाज, बायांची कुजबुज, बस. ठिपका मोठा होत गेला. पंख दिसले. मग पुढचा पंखा दिसला. पंखा चालू असला की दिसत नाही, नुसतं धूसर वर्तुळ दिसतं. मला त्याचं पातं दिसत होतं. आडवं, स्थिर.

मी तिकडे नुसतं बोट केलं. मांगीलालजी माझ्याच शेजारी बसले होते, पाठ तिकडे करून. त्यांना माहीतच नव्हतं. कोणालाच नव्हतं. पंचवीस माणसं तिथे होती आणि मी सोडून एकालाही विमान आलेलं कळलं नव्हतं, कारण कळायला काही आवाजच नव्हता.

फेरी मारायचा प्रश्नच नव्हता. बंद इंजिनाला फेरी मारता येत नाही. जिथे येशील तिथे उतर, एकच संधी. रेवा सरळ आली. पट्टीच्या टोकाला चाकं टेकली, टायर घासल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठे सगळे दचकून उठले. विमान आमच्या समोरून गेलं. जिथे ताडपत्र्या होत्या तिथून, जिथे ट्रॉली उभी होती त्या जागेवरून, बाया ज्या ओळीत सोयाबीन परतत होत्या त्या ओळीवरून. आणि पुढे जाऊन थांबलं.

मी धावलो. पाय जमिनीला लागत होते की नाही, ठाऊक नाही. रेवा आत बसून होती, एकेक बटण बंद करत होती, शिकवलं होतं त्या क्रमानं. दार उघडलं तेव्हा तिनं मला ओळखलं की नाही कोण जाणे. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. पहिलं वाक्य बोलली, "बाबा, कोणाला लागलं नाही ना?"

"कोणाला लागणार?" मी म्हटलं. "पट्टी मोकळीच आहे."

तिनं पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग कडेला उभी असलेली माणसं पाहिली. आणि मग कुठे तिनं सीटचा पट्टा सोडला. मी तिला लहानपणी स्कूटरवरून उतरवायचो तसं खाली उतरवलं. रडलो. चारचौघांत रडलो आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. मंजिरी आली, तिनं रेवाच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाली, "चल. तुझं ओवाळून झालंय." पटेलनं साफा काढून हातात घेतला होता.

आता तुमच्या मनात जे येतंय ते सगळं माझ्याही मनात येऊन गेलंय, तेव्हा एकेक करून घेऊ.

इंजिन का बंद पडलं? ते कळलं. इंधनाच्या वाटेत कचरा अडकला होता. त्यांच्या मेकॅनिकनं खोललं तेव्हा मी स्वतः तिथे उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यात गूढ काही नाही. पट्टी समोर दिसायला लागली आणि मग ते बंद पडलं, हे नशीब. सांवेरजवळ पडलं असतं तर शेतात उतरावं लागलं असतं. नशीब मी मानतो.

दुसरं विमान होतं का? नव्हतं. धारच्या सरांनी स्वतः चौकशी केली. त्या वेळी त्या बाजूला दुसरं छोटं विमान हवेत नव्हतं. इंदूरच्या मोठ्या विमानांचा आवाज वेगळा, ती फेऱ्या मारून सोयाबीनमध्ये उतरत नाहीत.

सगळ्यांना भास झाला का? देवासचे एक डॉक्टर, ताईच्या शेजारचे, म्हणाले, सगळे वाट बघत असले की सगळ्यांना ऐकू येतं. मी म्हटलं, साहेब, वाट आम्ही तिघंच बघत होतो. बाकीच्यांना तर विमान जितकं उशिरा येईल तितकं बरं होतं. स्वतःचं वाळत घातलेलं सोयाबीन भासासाठी कोणी गुंडाळतं का?

सगळ्यात हुशार उत्तर धारच्या मेकॅनिकनं दिलं, मी त्याला दाद देतो. तो म्हणाला, "भिया, धारहून देवासला आवाजाला हवेतून यायला चारेक मिनिटं लागतात. विमान उडाल्यावर तेवढ्याच वेळानं तुम्हाला ऐकू आलं ना? म्हणजे रेवा इथून उडाली तोच आवाज तिथे पोचला." मी हिशोब करून पाहिला. बराबर बसतो. हा हिशोब बसला तेव्हा मला दोन दिवस बरं वाटलं. पण भिया, उडतानाचं इंजिन पूर्ण जोरात असतं, आम्ही ऐकला तो उतरतानाचा. त्या विमानानं धारहून उडताना तो ठेका काढलाच नव्हता. आणि देवासला उतरताना तर इंजिन बंदच होतं. म्हणजे जो आवाज त्या सकाळी त्या इंजिनानं कुठेच काढला नाही, तो आम्ही ऐकला, पहिल्या फेरीपासून किल्ली बंद होईपर्यंत. इथे येऊन माझी गाडी बंद पडते. फिल्टर साफ आहे, टाकी भरलेली आहे, सगळं तपासून झालंय.

रेवानं शिकणं सोडलं नाही. आठच दिवसांत परत उडाली. आता दुसऱ्या राज्यात नोकरीला आहे. पट्टीवरचं सोयाबीन त्या दिवसापासून बंद झालं, मांगीलालजींनीच बंद केलं. त्या आवाजाबद्दल मात्र रेवानं कधी काही विचारलं नाही. आईनं, आत्याबाईनं तिखटमीठ लावून सांगायला घेतलं की ती पुरतं न ऐकताच उठून जायची. मला वाटलं, माझ्यावरच गेली आहे, मानत नाही असल्या गोष्टी.

मागच्या महिन्यात रजेवर आली होती. दुपारी दुकानात माझ्याजवळ येऊन बसली. गिऱ्हाईक नव्हतं. आपणहून बोलायला लागली.

"बाबा, इंजिन बंद पडलं ना, तेव्हा मला माझी भीती नाही वाटली. खरंच नाही. उतरवीन हे माहीत होतं. पण लांबून पट्टी पिवळी दिसते की काय असं वाटत होतं. आमचे सर म्हणायचे, तिथे माणसं असतात, आवाज ऐकून हटतात. आणि माझ्याकडे आवाजच नव्हता. रेडिओवर बोलत होते, पण खाली ऐकायला कोणाकडे सेट नव्हता. खिडकी उघडून ओरडले. किती ओरडले बाबा. एवढ्या वरून काय जाणार होतं. मी माणसांवर जाऊन उतरणार होते." तिनं समोरचा एक स्पार्क प्लग उचलून हातात फिरवला. "मी सारखं एकच म्हणत होते, फक्त एकदा माझा आवाज त्यांना जाऊ दे. बाकी माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मी पाना खाली ठेवला.

"गेला होता," मी म्हटलं.

"कधी?"

"तू नुकतीच धारहून उडाली होतीस. तेव्हाच."

दुसऱ्याच्या इंजिनाचं काय बिघडलंय ते मी चालत्या गाडीच्या आवाजावरून सांगतो, पण त्या दुपारी मला माझ्या लेकीला याच्यापुढे एक शब्द सांगता आला नाही, आणि तुम्हालाही सांगता येत नाही.